मुक्बिल मामांची हमी

४ ऑक्टोबर १९५८, क्रेटर, अदन

पत्रक छापून झालं. मागितल्या त्याहून जास्तच प्रती काढल्या, कागद घरचाच होता. शाई वाळावी म्हणून छापखान्यात दोऱ्या बांधून सगळी टाकली आहेत. आत शिरलं की धोब्याकडे आल्यासारखं वाटतं. मथळा ठसठशीत उठलाय: अदन अदनकरांचं. तिसरं कलम माझं स्वतःचं आहे आणि कुद्दूस साहेबांनी त्यातलं एक अक्षरही बदललं नाही. वसाहतीच्या हद्दीबाहेर जन्मलेला जो कोणी इथे गुन्हा करील त्याला इथल्या तुरुंगात पोसत न बसता, कसलीही दयामाया न दाखवता, त्याच्या जन्मगावी परत धाडावं.

कुद्दूस साहेब आमच्या अदनकर मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे आजोबा गोऱ्या पलटणीला मटण पुरवायला सुरतेहून आले, पण त्यांच्या पुढच्या पिढ्या इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मल्या, त्यामुळे तिथे बोट ठेवायला जागा नाही. जानेवारीत निवडणूक आहे. मंडळ मला उभं करील अशी कुजबुज आहे. मी काही बोललो नाही, पण कोट धुवायला टाकला.

उत्तरेकडच्या डोंगऱ्यांनी शहर खाल्लं आहे. मअल्लाच्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. लुंग्या गुडघ्यावर खोचून तिथेच झोपतात, तिथेच कातचा नशेचा पाला चघळून थुंकतात. जेवताना हे बोललो तर नबात म्हणाली, "तुमचे आजोबापण आधी फुटपाथवरच झोपायचे ना?"

मी म्हटलं, तेव्हा फुटपाथ नव्हते. ती हसली आणि माशाचा काटा काढत बसली. बायको मामाची मुलगी असली की हा एक त्रास. आपल्या घराण्याची सगळी अंडीपिल्ली तिला तोंडपाठ असतात.

९ ऑक्टोबर

आमच्या पोराला, नोमानला पकडलं. काल संध्याकाळी तवाहीला, बंदरासमोर. बोटीवरच्या उतारूंना घड्याळं विकायचा धंदा तो करतो, म्हणजे मला न सांगता करतो. एक दारू प्यालेला खलाशी घड्याळ मनगटाला बांधून चालायला लागला. नोमानने हात धरला, त्याने लाथ घातली. ह्याने शेजारच्या दुकानातली सोड्याची बाटली उचलून त्याच्या तोंडावर मारली. खलाशाचा डोळा गेला.

किती वेळा सांगितलं की छापखान्यात बस. पण ह्याला समुद्राचं वारं लागलेलं. खिळे जुळवायला बसवलं की अर्ध्या तासात पसार. आता भोग म्हणावं. असं लिहिलं खरं, पण सबंध दिवस पोटात अन्नाचा कण नाही.

११ ऑक्टोबर

बेहरामजी वकिलांकडे गेलो. पारशी माणूस, डोकं तल्लख, बोलणं फटकळ. त्यांनी आधी विचारलं, मुलगा कुठे जन्मला. मी म्हटलं, बनी सुमैदला, त्याच्या आईच्या माहेरी. पहिलटकरीण माहेरी जाते, लोरी आणि गाढवावरून का होईना जाते, चाळीस दिवस राहून येते. आमच्यात पूर्वीपासून असंच आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी आली नाही तर तिच्या बापाने तोंड कुठे लपवायचं.

बेहरामजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बनी सुमैद हद्दीबाहेर आहे, यमनच्या इमामाच्या मुलखात. मग हा पोरगा परदेशी ठरतो आणि हल्लीच्या दिवसांत परदेशी गुन्हेगाराला ते जेलमध्ये ठेवत नाहीत, सरळ लोरीत घालतात. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचं एक पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे तुमच्याच कारखान्यातलं ना? छपाई सुरेख आहे."

मला राग आला, पण वकिलावर रागावून कुणाचं भलं झालंय. मग त्यांनीच वाट दाखवली. मुलगा कुठेही जन्मू दे, बाप जर वसाहतीत जन्मलेला असेल तर बापाचा हक्क मुलाकडे येतो. तो राणीचा प्रजाजन. त्याला जेल होईल, पण कुणी त्याला हद्दीबाहेर काढू शकत नाही. "तुमचा जन्म इथलाच ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बेहरामजी, सबंध क्रेटरला विचारा. मतदार म्हणून नाव घातलं तेव्हा कुद्दूस साहेबांनी स्वतः साक्ष दिली आहे. ते म्हणाले, मग प्रश्नच मिटला, त्यांनाच कोर्टात आणा. येताना पाय जमिनीवर नव्हते. दुधाचा चहा घेतला, दोन घेतले.

१५ ऑक्टोबर

तुरुंगात भेटू दिलं. नोमान वाळलाय. दाढीचे खुंट वाढलेत, आणि त्यात तो अगदी माझ्या वडिलांसारखा दिसतो हे आजच लक्षात आलं. कोठडीत सगळे डोंगरीच आहेत म्हणाला, हमाल, भिस्ती, एक आंधळा भिकारी. मी म्हटलं, तुला वेगळी खोली मिळते का बघतो. तर म्हणतो, "कशाला अब्बा? चांगली माणसं आहेत. तुमचं तिसरं कलम सगळ्यांना पाठ आहे. रोज एकजण म्हणून दाखवतो, बाकीचे आमीन म्हणतात."

ह्या वयातल्या मुलांना बापाची थट्टा करायला काही लागत नाही. मी त्याला बेहरामजींनी सांगितलेलं सगळं समजावलं, तू माझा मुलगा आहेस, माझ्या जन्मावर तू सुटशील.  तो हळूच म्हणाला, "मला तिकडे नका पाठवू देऊ. मी तिथे कुणालाच ओळखत नाही. तिथे समुद्र नाही."

हे तो लहान मुलासारखं बोलला. मी त्याला वचन दिलं.

घरी आल्यावर नबातने सांगितलं की तिने लोरीवाल्याबरोबर आपल्या बापाला निरोप धाडलाय. मी म्हटलं, मुक्बिल मामांचं इथे काय काम? कोर्ट म्हणजे काय गावचा पार आहे? ती म्हणाली, नातवावर संकट आहे, ते येणार, न बोलावता आले असते. तेही खरं. पण कोर्टात मंडळाचे लोक येणार, आणि मामा म्हणजे डोक्याला फडकं, कमरेला जंबिया, अंगाला बकरीचा वास. सख्खे मामा आणि त्यात सासरे. टाळता कुठे येतं.

२२ ऑक्टोबर

कुद्दूस साहेबांना ताप आहे. परवा होता, काल होता, आजही आहे. दारात त्यांच्या धाकट्या भावाने सांगितलं की साक्षीला येणं जमेलसं दिसत नाही. आतून त्यांचा हसण्याचा आवाज येत होता, तापात माणूस बरळतो तसा नव्हे, चांगला हसण्याचा. मनात शंका आली. पण एवढ्या मोठ्या माणसाला शंभर व्याप असतात, आणि निवडणूक तोंडावर असताना खलाशाच्या डोळ्याच्या भानगडीत त्यांनी पडू नये हेही बरोबरच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बहुधा हेच केलं असतं.

बेहरामजी म्हणाले, हरकत नाही, तुम्ही स्वतः शपथेवर सांगा. उलट बोलणारा कोणी नसेल तर मॅजिस्ट्रेट मान्य करील.

१ नोव्हेंबर

काल शहरात दंगल झाली. दगड, अश्रुधूर, दुकानांच्या फळ्या खाली. आज धरपकड चालू आहे आणि डोंगऱ्यांच्या लोऱ्याच्या लोऱ्या भरून सरहद्दीकडे चालल्यात. आमचं पत्रक म्हणे सेक्रेटरी साहेबांच्या टेबलावर आहे. महिन्यापूर्वी हे ऐकून मी मिठाई वाटली असती.

ह्या सगळ्या धुमश्चक्रीत मुक्बिल मामा येऊन थडकले. हद्दीवरच्या दार सअद गावच्या नाक्यावर दोन दिवस अडवून ठेवलं होतं, मग मधाची एक बरणी देऊन सुटले. दुसरी बरणी आमच्यासाठी आणली. आल्या आल्या माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळावर ओठ टेकले आणि विचारलं, "पोराला पोटभर खायला घालतात ना?" म्हातारा थकलाय. जिना चढताना थांबला. पण जंबिया तसाच, गेंड्याच्या शिंगाच्या मुठीचा, त्यांच्या बापापासूनचा.

४ नोव्हेंबर

उद्या सुनावणी. नबात सकाळपासून मागे लागली होती की बाबांशी बसून नीट बोला, उद्या काय आहे ते त्यांना समजावून सांगा. काय समजावू? कायदा, वंश, हद्द, ह्यातला एक शब्द त्यांच्या डोक्यात शिरणार नाही. त्यांनी मागच्या बाकावर गप्प बसावं एवढंच त्यांचं काम. मी तिला म्हटलं, तूच सांग, गप्प बसायचं म्हणून. आणि छापखान्यात गेलो. काम काही नव्हतं. खिळे धूत बसलो.

परत आलो तेव्हा मामा गच्चीत जंबियाची मूठ तेल लावून पुसत होते. मी म्हटलं, मामा, कोर्टात हत्यार दारातच काढून घेतात. ते म्हणाले, "घेऊ दे. मागितलं की देतील." मला हसू आलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

५ नोव्हेंबर

लिहायला बसलोय, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. क्रमाने लिहितो.

कोर्टात गर्दी नव्हती. मंडळाचं कुणी आलं नाही. मॅजिस्ट्रेट तरुण गोरा, उन्हाने नाक सोललेलं, बोलायला सभ्य. नोमानने गुन्हा कबूल केला. मग बेहरामजींनी बापाच्या जन्माचा मुद्दा मांडला आणि मी पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगितलं की मी क्रेटरमध्ये, वडिलांच्या घरात जन्मलो. मॅजिस्ट्रेटने मान डोलावली. लिहून घेतलं. आता संपणार असं वाटलं, बेहरामजींनी कागद गोळासुद्धा करायला घेतले.

मग त्या गोऱ्या पोराने, कोणता सैतान त्याच्या अंगात शिरला देव जाणे, दुभाष्याला नुसतं सहज विचारलं की मुलाच्या घरचं कुणी वडीलधारं हजर आहे का.

मुक्बिल मामा उठले. आमच्या डोंगरात, "आमच्या" असं चुकून लिहिलं गेलं, त्यांच्या डोंगरात हा प्रश्न एकाच अर्थाने विचारतात. कुणावर आळ आला की न्याय करणारा विचारतो, ह्याच्यामागे कोण आहे? ज्याच्यामागे कोणी नाही तो मेला. ज्याचे आजोळचे येऊन जंबिया खाली ठेवतात तो सुटतो, मग भरपाई काय ती ते बघतात. हे मला ठाऊक होतं. ते ह्याच कामासाठी चार दिवस लोरीत हाल काढून आले होते, हे मात्र मला त्या क्षणी समजलं.

मामांचा हात कमरेला गेला, तिथे रिकामं म्यान. त्यांनी दारातल्या शिपायाकडे वळून हात पुढे केला. शिपाई मॅजिस्ट्रेटकडे बघायला लागला. दुभाष्याने काहीतरी सांगितलं, मॅजिस्ट्रेट हसला, आणि शिपायानेच तो जंबिया आणून टेबलावर ठेवला. बेहरामजी माझ्याकडे बघत होते. मी मामांचा अंगरखा धरून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला, मान वर करून बोलले, आणि सबंध कोर्ट ऐकत राहिलं.

"साहेब, हा पोरगा बेवारशी नाही. माझ्या लेकीच्या पोटचा आहे आणि माझ्या घरात जन्मलाय. बोकड कापला, बंदुका उडवल्या, साऱ्या वाडीने जेवण केलं. हा जंबिया माझ्या बापाचा आहे. तो ठेवून सांगतो, हा आमचा आहे. त्याने ज्याचा डोळा फोडला त्याचं आम्ही बघू."

दुभाष्याने ते एकेक वाक्य करून सांगितलं. मॅजिस्ट्रेटने विचारलं, आणि मुलाच्या वडिलांनाही आपण ओळखता?

मामांना तो प्रश्न गमतीचा वाटला. ते माझ्याकडे बघून हसले, मी सात वर्षांचा असावा तसे. "इद्रीसला? माझ्या बहिणीचा पहिला आहे हा. त्याच खोलीत झाला. सुईण उशिरा आली म्हणून दार मीच धरून उभा होतो. दोघा बापलेकांची नाळ माझ्या उंबऱ्याखाली पुरली आहे. माणूस पाठवा, खणून बघू दे."

बेहरामजी उठले आणि परत बसले. मी काहीतरी ओरडलो असेन, कारण शिपायाने मला खांद्याला धरून खाली बसवलं. माझा जन्म कुठे झाला हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी लहान होतो. वडील बोलायचे नाहीत. क्रेटरमध्ये वाढलेला माणूस आणखी कुठे जन्मणार?

मॅजिस्ट्रेटने शेवटी एकच विचारलं. मुलाला आपल्या गावी धाडला तर त्याला आसरा द्याल का? मामांचा चेहरा उतरला, त्यांना तो अपमान वाटला. म्हणाले, "आपलं रक्त कोणी टाकून देतं का, साहेब?"

मॅजिस्ट्रेटने त्यांचे आभार मानले. ह्या खुर्चीत बसल्यापासून इतका खरा साक्षीदार आपण पाहिला नाही असं तो म्हणाला. मग निकाल लिहिला. आरोपी परदेशी आहे, त्याला पलीकडे घर आहे आणि त्याचे लोक त्याला घ्यायला तयार आहेत, त्यामुळे त्याला हद्दपार करण्यात कसलीही क्रूरता नाही.

मामा जंबिया परत खोचत खुशीत बाहेर आले. "मानलं साहेबाने," म्हणाले. आणि तुरुंगाच्या दारात जाऊन उभे राहिले, पोरगा आत्ता बाहेर येईल म्हणून. उन्हात तसेच उभे होते. शेवटी बेहरामजींनी त्यांना सावकाश सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरीच पाठवताहेत ना? मग ही रडते कशाला?"

नबात रडत होती. मग मामा तिच्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू, फार हळू, त्यांना समजत गेलं. ते तिथेच रस्त्यावर, भिंतीला पाठ लावून बसले.

६ नोव्हेंबर

काल रागात मामांना जे बोललो ते लिहीत नाही. मूर्ख म्हटलं, डोंगरी म्हटलं, नातवाच्या गळ्यावर सुरी फिरवली म्हटलं. ते ऐकत होते. नबातनेच मला गप्प केलं. म्हणाली, "तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? मला पाठवलंत, तुमच्या आईलाही पाठवलं होतं. तुम्ही पहिले. पहिला दुसरीकडे कुठे होणार?"

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

"तुम्ही कधी विचारलंत? बाबांना तरी त्या दिवशी सांगितलंत काय चाललंय ते? एका शब्दाने?"

बायकांना सगळं नंतर सुचतं. चूक मामांची आहे. ते गप्प बसले असते तर नोमान तीन-चार महिने जेल भोगून घरी आला असता. ह्यात दोन मतं होऊच शकत नाहीत. बेहरामजींनाही मी तेच म्हटलं.

१० नोव्हेंबर

आज नेलं. शेख उस्मानच्या मैदानातून लोऱ्या सुटतात. नोमानच्या हाताला दोरी होती, दुसऱ्या टोकाला तो आंधळा भिकारी. आंधळा विचारत होता, समुद्र अजून दिसतो का, आणि नोमान त्याला सांगत होता, दिसतो.

माझ्याशी तो फार बोलला नाही. तिकडे थंडी किती असते, एवढं विचारलं. मला सांगता आलं नाही. त्याच्या अंगात नुसता सदरा होता. कोट काढून द्यावा असं मनात आलं, अगदी वरचं बटण काढलंसुद्धा. पण शुक्रवारी मंडळाची सभा आहे, आणि दुसरा कोट नाही. मी बटण परत लावलं. नोमानने ते पाहिलं.  त्याने दुसरीकडे बघितलं हे मला फार लागलं.

नबातही गेली. मुलाला तिथे जरा रुळवते आणि येते, म्हणाली. मी म्हटलं, आठवड्याभरात ये. ती लोरीत बापाशेजारी बसली, पदर दाताखाली धरला आणि मान हलवली. जाताना तिने घरची भांडी घासून पालथी घातली आहेत, पीठ-मीठ कुठे आहे ते दाखवलं, आणि तिच्या गळ्यातला सोन्याचा हार माझ्या उशाखाली ठेवून गेली. आठवड्यासाठी एवढं कशाला ते मला कळलं नाही.

घर मोठं वाटतं. मी मनापासून सांगतो, मी रडलो. उशीत तोंड घालून रडलो.

१५ नोव्हेंबर

कालच्या सभेत कुणी माझ्या शेजारी बसलं नाही. उकाडा होता, सगळे पंख्याखाली बसले होते. माझी खुर्ची पंख्यापासून लांब होती, एवढंच.

२५ नोव्हेंबर

लोरीवाला निरोप घेऊन आला. नबात परत यायला निघाली होती, पण नाक्यावर तिला मागे फिरवलं. तिचा जन्म तिकडचा, नवरा कुठला ह्याचा आता पुरावा लागतो. नोमान आजारी होता, बरा आहे. शेळ्या हाकायला शिकतोय, मामांचा जुना कोट घालतो. मामांनी सांगितलंय, खोली सारवून ठेवली आहे.

मी लोरीवाल्याला म्हटलं, मामांना सांग, माझी तिकडे खोली नाही. तो म्हणाला, "म्हातारा म्हणालाच होता, तू असं बोलशील." आणि हॉर्न वाजवत गेला.

सरकारी नोटीसही आली आहे. कोर्टात समोर आलेल्या माहितीवरून मतदार यादीतलं माझं नाव काढलंय, आणि वसाहतीत राहण्याचा माझा हक्क काय ते मी परदेशी लोकांच्या कचेरीत येऊन सांगायचं आहे. मी लगेच कुद्दूस साहेबांकडे गेलो. ह्या वेळी ते भेटले. ताप गेलाय, चेहरा तुकतुकीत दिसतो. माझं सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, अरेरे म्हणाले, आणि नव्या पत्रकाचा मजकूर माझ्या हातात ठेवला. खोटी जन्मस्थळं सांगून यादीत घुसलेल्यांना हुडकून काढा, असं आहे ते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, हे तुम्हाला उद्देशून नाही, तुमची गोष्ट वेगळी. जरा लवकर द्या, निवडणूक जवळ आली.

माझी गोष्ट वेगळी आहेच. पन्नास वर्षं मी इथलं पाणी प्यालोय. मी जुळवलं, छापलं. नवा खिळा वापरला. छपाई उत्तम आली आहे.

९ डिसेंबर

आज कचेरीत गेलो. बोळातून भिंतीला धरून रांग होती, सगळे हमाल, भिस्ती, कोळशाने काळे झालेले. बाक नाही. ते खाली बसले होते. विजारीला डाग पडेल म्हणून मी उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मात्र मीही रुमाल अंथरून बसलो.

शेजारी एक बंदरावरचा हमाल होता, माझ्याच वयाचा. त्याने विचारलं, "कुठला, भाऊ?"

मी म्हटलं, इथलाच.

तो हसला, वाईट नाही हसला. म्हणाला, "इथे बसलेले सगळे इथलेच, भाऊ."

मग त्याने भाकरी सोडली. ती आमच्या पत्रकात बांधलेली होती, पहिल्या. घडी उलगडली तर मथळ्याची शाई भाकरीला लागलेली, अक्षरं उलटी उठलेली. त्याने ती अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. मला वाटलं, सांगावं की शाई चांगलीच होती, गरम भाकरी बांधली म्हणून उठली. त्याने कागद माझ्यापुढे धरला. तू शिकलेला दिसतोस, काय लिहिलंय बघ, म्हणाला, पोरं दुकानातून रोज हेच आणतात.

मी म्हटलं, काही नाही, जाहिरात आहे.

कसली?

बुटांची, म्हटलं.

त्याने मान हलवली आणि भाकरीचा अर्धा भाग मोडून मला दिला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी शाईची बाजू खाली करून खाल्ली.

दुपारी शिपाई दारात आला आणि नाव पुकारलं. इद्रीस, गाव बनी सुमैद. कुणी उठलं नाही. हमालाने इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाला, बिचारा कोण आहे तो, त्याचा नंबर जाईल.

शिपायाने पुन्हा पुकारलं. मग मी उठलो.